मोठीआईची साक्ष

मोठीआईसमोर ‘हा माझा हक्क आहे’ असं म्हणायची सोय नव्हती. म्हणणारा जावई असो की नगरसेवक, ती चष्मा नाकावर सरकवायची आणि विचारायची, “कोन्त्या कलमात लिहून हाय? दाखव मले.” मग कपाटावरून संविधानाची जाडजूड प्रत खाली यायची आणि समोरच्याचा चहा थंड व्हायचा. बूढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत लोक तिला मागून ‘कलमवाली’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

ती माझी थोरली काकू. लग्न होऊन नागपूरकडून रायपूरला आली, रेल्वेच्या दवाखान्यात जखमा बांधायची नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर विहारात बायकांना वंदना शिकवू लागली. हिंसा न करण्याचं पहिलं शील म्हणताना कुणी पुटपुटलं तर थांबवायची. “जोरानं म्हण पोट्टी, चोरी करून राहिली का?” शील नुसतं पाठ करणाऱ्यांची तिला भयंकर चीड होती आणि ती चीड तिने कधी लपवली नाही.

आणि तिच्याच पोटी अनूदादा! रायपूर राजधानी झालं, अभनपूरच्या रस्त्यावरच्या जमिनी सोन्याच्या झाल्या आणि दादा दलाल झाला. आधी मोठी गाडी आली, मग गळ्यात साखळी, मग दुनाळी बंदूक. जिवाला धोका आहे म्हणून लायसन घेतलं म्हणे. कसला डोंबलाचा धोका! डासांशिवाय त्याला कुणी चावत नव्हतं. पण प्लॉट दाखवायला जातानाही बंदूक मागच्या सीटवर दिसेल अशी ठेवायची. नव्या पैशाला मिरवायला काहीतरी लागतंच.

लग्नात हवेत बार काढला तर आता जेल होते, हे कळलं तेव्हा दादा जेवताना भडकला. “सरकार कौन होती है रोकने वाली? लाइसेंस है मेरे पास. हक है मेरा. अमेरिका के संविधान में लिखा है.”

“मग अमेरिकेतच जाऊन प्लॉट विक,” मोठीआई म्हणाली. “इथं लायसन म्हनजे परवानगी हाय. सरकारनं देल्ली, सरकार काढून घेऊ शकते. जगन्याचा हक्क मात्र पक्का लिहून हाय, तो कोनाचा बी काढता येत नाही.”

दादा हात न धुताच उठला. म्हातारीला काही कळत नाही, असं वहिनीही म्हणाली. मोठीआईने शांतपणे दुसरी पोळी घेतली.

मग पिंकीचं लग्न आलं, दादाच्या एकुलत्या एका मुलीचं. सामाजिक भवनात आत भन्तेजी बसलेले, पाहुणे पांढऱ्या कपड्यांत, मी नवरीजवळ. थोड्या वेळाने सगळे मिळून पंचशील म्हणणार होते. आणि बाहेर वरात दारात पोचल्याबरोबर नवरीच्या बापाने, पिऊन, बंदूक काढली! मोठीआई त्याचा हात धरायला धावली. त्याने तिला ढकललं. नळी खाली झुकली आणि बार सुटला. वरातीत डोक्यावर लाइट घेऊन चालणारी, शहराबाहेरच्या उरला वस्तीतली एक बाई होती, रामबती. छर्रे तिच्या तोंडावर बसले. मोठीआईने आपल्या नव्या साडीचा पदर फाडून तिचा डोळा बांधला. डोळा वाचला नाही.

आणि आमचे नातेवाईक काय करत होते? लिहिताना आजही माझं डोकं फिरतं. ते ठरवत होते की पोलिसांना फटाका फुटला असं सांगायचं. लग्न अर्ध्या तासात पुन्हा सुरू झालं. पंचशीलही झालं, खड्या आवाजात.

मोठीआई आत आली नाही. मला म्हणाली, “चाल, ठाण्यात चाल.” रक्ताळलेल्या साडीतच ती माझ्या स्कूटरवर बसली आणि ठाण्यात स्पष्ट सांगितलं, “माझ्या पोट्ट्यानं गोळी चालवली. मी पाह्यली.” मला सांगण्यासारखं काही नव्हतं, मी आत होते, मी फक्त आवाज ऐकला होता.

त्यानंतर घराने तिला वाळीत टाकलं. एका छताखाली राहून वहिनी तिच्याशी बोलेना. ती आली की विहारातल्या बायका सरकून बसत. कुळाला काळिमा म्हणे! दादा जामिनावर सुटून आला तो थेट तिच्यापुढे उभा राहिला. “आई, तू मले जेलात टाकून राहिली? काहून?”

“जेलातून मानूस वापस येते बाप्पा,” ती म्हणाली. “तिचा डोळा येत नाही.” मग दोघंही रडली. पण बयान तिने बदललं नाही. कोर्टात तारखेवर तारीख पडत गेली आणि प्रत्येक तारखेला ती इस्त्रीची साडी नेसून जायची. साक्ष द्यायला तिचा नंबर कधी लागलाच नाही.

तारखा चालू असतानाच ती झोपेत गेली, रेल्वेच्याच दवाखान्यात. मी तिचे पाय पुसले. शोकसभेत तेच नातेवाईक एकेक करून उठले आणि तिला वाघीण म्हणाले. मी ऐकून घेतलं, कारण तिच्या फोटोसमोर मला शिव्या द्यायच्या नव्हत्या.

पुढे कोर्टात त्यातल्या एकेकाने सांगितलं, आम्ही काही पाहिलं नाही. लाइटच्या झगमगाटात बंदूक कुणाच्या हातात होती, ते रामबतीलाही दिसलं नव्हतं. दादा सुटला. त्या संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले, ढोल आला, आणि दादाच्या साळ्याने स्वतःची बंदूक आणून हवेत दोन बार काढले. शेजारच्या गच्च्यांवर लोक वाळत घातलेले कपडे काढत होते. खाली गल्लीतले लोक टाळ्या वाजवत होते.

या वेळी मी आत नव्हते. दारात उभी होते आणि बार काढणाऱ्या साळ्याचं तोंड मला स्वच्छ दिसत होतं. दादा पेढा घेऊन माझ्याकडे आला, “ले, मुँह मीठा कर.” मी चप्पल घातली आणि ठाण्यात जाऊन साळ्याचं नाव लिहून दिलं. आता कोर्टाच्या तारखा मला येतात.