वडील हयात आहेत

कुणी मला ‘साक्ष द्या’ म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. आम्हा ख्रिस्ती लोकांत साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उपासनेत उभं राहून सांगायचं. कोर्टातही हाच शब्द आहे, पण तिथे खोटी साक्ष दिली तर शिक्षा होते. चर्चमध्ये टाळ्या पडतात.

सव्विसाव्या वर्षी आमच्या खडकीच्या चर्चनं मला युवा मिशनरी म्हणून तीन महिने इंग्लंडला पाठवलं. तिथली चर्चेस ओस पडत चालली आहेत. ज्यांनी आमच्या पणजोबांना बायबल दिलं, त्यांच्या नातवंडांना आता आम्ही जाऊन जागं करायचं, अशी ती योजना होती. सहा गावं, सहा चर्चेस आणि प्रत्येक ठिकाणी माझी साक्ष.

जाण्याआधी एक फॉर्म भरायचा होता. त्यात विचारलं होतं, तुमची जडणघडण कशी झाली? माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली. पप्पा नेहमी म्हणायचे, “हिला मंडळींनी वाढवलं.” आमच्या भाषेत मंडळी म्हणजे चर्च. पण पप्पांच्या मंडळींत सगळेच यायचे. पाळी लावून डबा देणाऱ्या चर्चमधल्या मावश्या होत्या आणि समोरच्या क्वार्टरमधल्या अकोल्याच्या काकू होत्या. काकूंच्या घरात गणपती बसतो. दहावीपर्यंत रोज सकाळी माझ्या वेण्या त्यांनीच घातल्या. दारूगोळा फॅक्टरीतून पहिली पाळी संपवून धावत घरी येणारे, माझा युनिफॉर्म इस्त्री करणारे पप्पा स्वतःला मात्र त्या मंडळींत कधी धरायचे नाहीत. मी फॉर्मवर इंग्रजीत लिहिलं की आई लहानपणीच वारली, मला चर्चनं वाढवलं. वाक्य झकास जमलं असं मला वाटलं होतं. माझं इंग्रजी चांगलं आहे असाही माझा समज होता.

सोबत फोटो मागितला होता. पुण्याजवळच्या मांजरी गावात आम्ही ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी रविवारची शाळा घ्यायचो, तिथला एक फोटो मी पाठवला.

पहिल्या रविवारची उपासना लाइव्ह होती. मी पप्पांना लिंक पाठवली होती. तिकडची सकाळ म्हणजे खडकीतली दुपार. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घालून टीव्ही लावला होता आणि काकूंना शेजारी बसवून घेतलं होतं. हे मला नंतर कळलं.

माझी ओळख करून द्यायला तिथल्या पाळकांची, म्हणजे पाद्रींची, बायको उभी राहिली. बाई मायाळू होती, मला झोपताना गरम पाण्याची पिशवी द्यायची. मायाळू माणसांचा राग येणं फार त्रासाचं असतं, कारण तो काढायचा कुठे हेच कळत नाही. मागच्या पडद्यावर अनवाणी उभ्या असलेल्या एका मुलीचा फोटो आला आणि खाली अक्षरं आली : अनाथ मुलगी ते मिशनरी. बाईंनी सांगितलं, की हिला ना आई ना बाप, हिला चर्चनं उचललं आणि माणूस केलं. फोटोतली मुलगी मी नव्हतेच. ती मांजरी गावातल्या त्या फोटोतून कापून घेतलेली होती, आणि तिचे तर आईवडील दोघंही हयात होते.

चाळीसेक माणसं वळून माझ्याकडे बघत होती. माझ्या हातात माईक होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर मी ही गोष्ट ज्यांना ज्यांना तावातावानं सांगितली, त्यांना माईकचं सांगितलं नव्हतं. मी “थँक यू” म्हणाले आणि पाठ केलेली साक्ष सुरू केली. नंतर चहाच्या वेळी एका आजीबाईंनी माझा हात धरून डोळे पुसले. मी तो हातही सोडवून घेतला नाही.

घरी फोन केला. पप्पा म्हणाले, “मी वारल्याचं आधी कळवायचंस. रजा टाकली असती.” आणि फोन ठेवला.

मग मात्र मी बाईंशी भांडले. त्यांनी मनापासून माफी मागितली, चूक सुधारते म्हणाल्या. दुसऱ्या गावीही माझी ओळख करून द्यायला त्याच सोबत आल्या होत्या, आणि तिथे त्यांनी ती खरंच सुधारली. हिचे वडील जिवंत आहेत असं सांगून, त्यांनाही लवकर प्रभूची ओळख व्हावी म्हणून सगळ्यांना प्रार्थनेला उभं केलं. ज्या माणसानं आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांत एकोणीस वर्षं काम केलं, त्याच्यासाठी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी मी माईक घेतला आणि सगळं सांगितलं, इस्त्रीपासून वेण्यांपर्यंत, काकूंच्या गणपतीसकट. एकही टाळी पडली नाही. पण त्या रविवारी खडकीत कुणी टीव्ही लावला नव्हता.

परत आले तेव्हा पप्पा नेहमीसारखे वागले. जेवण कसं होतं, थंडी किती होती, एवढंच विचारलं. काकूंनी मात्र मला बाजूला घेतलं. “तुह्या पप्पांनं मधातच टीव्ही बंद केला. म्हणे, आवाज नीट येत नाही. आवाज त चांगला येऊन राह्यला होता, पोरी. काय म्हणत होती ती बाई?”

मी म्हणाले, कौतुक करत होती. म्हणजे आणखी एक खोटी साक्ष.

रविवारी उपासनेत सूचना वाचायचं काम पप्पांचं असतं. त्यांनी चष्मा लावला. बायकांची सभा शुक्रवारी, कॉयरचा सराव शनिवारी, असं वाचता वाचता त्याच आवाजात वाचलं, “परदेशातून परतलेल्या आपल्या भगिनी आता साक्ष देतील. त्यांचे वडील हयात आहेत, याची मंडळीनं नोंद घ्यावी.” सगळं चर्च खदखदून हसलं. काय झालं होतं ते तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी हसले. मी काय बोलले ते मला आठवत नाही.

घरी आल्यावर माझा स्फोट झाला. चूक त्या बाईची, फॉर्मची, भाषेची, आणि अपमान मात्र माझा, तोही भर चर्चमध्ये? मी बराच वेळ बोलत होते. पप्पा कांदा चिरत होते.

“सगळ्यांसमोर असं बोलायची काय गरज होती?” मी म्हणाले. “मी अनाथ आहे, असं मी म्हणाले होते का? ती बाई बोलली तेव्हा मी तर त्यावर एक शब्द बोलले नव्हते, पप्पा.”

“तेच तर,” पप्पा म्हणाले, आणि मला ताटं घ्यायला सांगितली.