उलट्या बाजूनं फेरी

सावधानचं खरं नाव त्याच्या बायकोला आणि पगार वाटणाऱ्या कारकुनाला ठाऊक होतं. बाकीच्यांनी त्याचा नाद केव्हाच सोडला होता. द्राक्षमळ्यांतून जाणाऱ्या गोल पायवाटेची निगा राखणं हे त्याचं काम. वाइनच्या कोठारापासून निघायचं, वेलींच्या ओळींतून टेकडी चढायची, पलीकडून उतरायचं आणि फिरून कोठारापाशीच यायचं. म्हणजे फिरायला आलेला दमलेला माणूस नेमका वाइनच्या दुकानाच्या दारात. या वाटेवर सावधाननं फाट्याफाट्यावरच्या खांबांवर बाण रंगवले होते आणि जागोजागी पाट्या ठोकल्या होत्या. ‘सावधान, निसरडं’, ‘सावधान, तार’, ‘सावधान, मधमाश्या’. एका सपाट, कोरड्या जागी नुसतंच ‘सावधान’. इथं काय आहे, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, “सांगता येत नाही.”

कुत्रा भुंकला की तो घाबरायचा, आणि नाही भुंकला तर जास्तच. गड्याचं काळीज चिमणीचं. पण त्याला वाढवलं ते वाघिणीनं. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा आत्यानं त्याला पदराखाली घेतलं. आत्या याच मळ्यांवर मुकादम होती. तिनं हाक मारली की तीन ओळी पलीकडच्या बायका न चुकलेली चूकसुद्धा सुधारायच्या. आता म्हातारपण आलं होतं आणि सोबत मधुमेह. दोन्ही वेळा जेवणाआधी इन्सुलिनची सुई. सुई सावधानची बायको टोचायची. तेवढा वेळ सावधान परसात जाऊन उभा राहायचा.

त्या दुपारी तो रंगाचा डबा घेऊन घरी आला, तर आत्याची खुर्ची रिकामी आणि पाटावरचं ताट भरलेलं.

“आत्या कुठंय?”

“फेरी मारून येते म्हणाल्या,” बायको म्हणाली. “भाजी अळणी झाली म्हणून रुसल्या. मला वाटलं, कोपऱ्यापर्यंत जातील आणि राग उतरला की येतील.”

“सुई?”

“ती घेतली.” बोलता बोलता बायकोनं भरल्या ताटाकडं पाहिलं. “अहो, सुई घेतली आणि जेवल्या नाहीत.”

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं. सुईनंतर पोटात अन्न गेलं नाही तर साखर उतरते. आधी घाम, मग बरळणं, मग माणूस बसल्या जागी जातो. त्या रात्री सावधानला झोप लागली नव्हती.

“मी दवाखान्याची गाडी बोलावते आणि बाणाच्या बाजूनं त्यांच्या मागं जाते,” बायको म्हणाली. “तुम्ही उलटे जा, म्हणजे समोरून भेटतील. पळा.”

सावधान पळाला. कोठाराच्या मागं पोचल्यावर त्यानं खिसे चाचपले. रुमाल होता, रंगाचा ब्रश होता. साखर नव्हती. परत फिरावं तर वेळ जातो, पुढं जावं तर हात रिकामे. तो जागच्या जागी दोनदा फिरला आणि पुढं गेला.

टेकडी चढून पहिल्या फाट्यावर आला आणि थबकला. खांब कोराच होता.

आता हे कोडं नव्हतं, त्याचीच करणी होती. ही वाट एकाच बाजूनं चालायची, असं मालकांनी पूर्वीच ठरवलं होतं. तेव्हा खांबांच्या दोन्ही अंगांना बाण कशाला? रंग वाचवल्याबद्दल सावधानची पाठ थोपटली गेली होती आणि ती थाप तो अजून पाठीवर बाळगून होता. इतकी वर्षं तोही बाणाच्याच दिशेनं चालला. उलट चालणाऱ्यांना तो शिट्टी वाजवून अडवायचा. त्यामुळे उलट्या बाजूनं ही टेकडी कशी दिसते, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

चहूकडे सारख्या ओळी, सारखे खांब, सारख्या तारा. वरून धुकं उतरू लागलेलं. “आत्या!” त्यानं हाक मारली. आवाज एवढा बारीक निघाला की त्याचाच त्यावर विश्वास बसेना. वाट दाखवणाराच वाट चुकला होता, आणि कुठल्यातरी ओळीत एक म्हातारी घामानं भिजत होती. तो एका ओळीत शिरला, मागं वळून पाहिलं. खांबाला बाण नाही. परत आला. दुसऱ्या ओळीत शिरला, वळला. बाण! मग त्यानं ठरवलं, आता वळायचंच नाही. तोंड मागं, पाय पुढं, असा तो आपल्याच वाटेवर पाठमोरा चालू लागला. शिट्टी वाजवणाऱ्या सावधाननं त्याला पाहिलं असतं तर नक्की दंड केला असता.

तीन फाटे असे गेले. पुढच्या वळणावर त्याची टाच कशाला तरी लागली. मऊ होतं. त्याला वाटलं, साप. मग वाटलं, सापच असू दे देवा. वळून पाहिलं तर आत्याचा पाय.

ती खांबाला टेकून बसली होती. कपाळ ओलं, ओठ थरथरणारे, डोळे अर्धे मिटलेले.

“आत्या, मी आलोय.”

“ओळ सोडू नकोस,” ती अस्पष्ट म्हणाली. “टोपली भर.” ती कुणा मजूर बाईशी बोलत होती.

तिच्या डोक्यावर, खांद्याशी, हाताच्या अंतरावर काळेभोर घड लोंबत होते. एवढी साखर भोवती, आणि बाई साखरेवाचून चाललेली. ही बाई चाळीस वर्षं मजुरांना सांगत आली होती, मालाचा एक मणी तोंडात गेला तर उद्या कामावर येऊ नका. तिनं स्वतः कधी मणी चाखला नव्हता. आजही शुद्ध होती तोवर तिचा हात वर गेला नव्हता.

सावधाननं इकडंतिकडं पाहिलं. मग घड धरला आणि ओढला. तार थरथरली, तोही थरथरला. बी घशात अडकली तर? त्यानं मणी रुमालात घेऊन चिरडले, तिची मान सावरली आणि रस थेंब थेंब तिच्या ओठांच्या आत सोडला.

“गीळ. आत्या, गीळ गं.”

रस हनुवटीवरून ओघळला. त्यानं पुन्हा पिळला. या खेपेला गळा हलला. तिसऱ्यांदा पिळताना त्याला आपण रडतोय हे कळलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे नीट उघडले.

“कुणी तोडला?”

“मी.”

“कात्रीनं?”

“हातानं.”

“वेल सोलवटली असेल,” आत्या म्हणाली आणि तोंड उघडून पुढच्या घोटाची वाट पाहू लागली. तो संपल्यावर म्हणाली, “अजून एक आण. इथला नको, आंबट आहे. पलीकडच्या ओळीतला आण.”

तो उठला. पलीकडं जायचं म्हणजे वेलींच्या आड ती दिसणार नव्हती.

“बोलत राहा,” तो म्हणाला. “मला ऐकू येऊ दे.”

“काय बोलू?”

“काहीही. शिव्या दे.”

“भित्र्या, गाढवा,” तिनं सुरुवात केली. पानांआडून तो एकेक शिवी मोजून घेत होता. मध्येच ती थांबली की त्याचे हात घडावर गोठायचे.

“आत्या?”

“दम खाते रे. अजून पुष्कळ आहेत.”