गुरुवारच्या गाठी

शैलजा चुरी हिला रिकामी चौकट बघवत नसे. हजेरीपत्रकात एखादं घर कोरं राहिलं की तिला जेवण गोड लागायचं नाही. पालघरकडची ही मास्तरीण त्रेसष्ट साली नवऱ्यामागोमाग सिल्वासाला आली. नवरा अनंत मोजणी खात्यात होता. तो दिवसभर साखळी टाकून जमिनी मोजायचा आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणायचा, "बाकी उरलेलं सगळं आमची शैला मोजते."

टोकरखाड्याच्या सरकारी क्वार्टर्समधल्या बायकांनी सेवा मंडळ काढलं, तेव्हा सेवा करायची हौस प्रत्येकीला होती. कोणी कधी कुठे जायचं हे लिहून ठेवायची हौस मात्र एकीलाही नव्हती. अध्यक्षा नलिनीताई मोठ्या साहेबांच्या पत्नी. त्यांनी पहिल्याच सभेत इकडेतिकडे पाहिलं आणि वही शैलजाच्या पदरात टाकली. झालं, त्या दिवसापासून ती मंडळाची नोंद-चिटणीस. पगार शून्य, कटकट भरपूर. पण खरं सांगायचं तर त्या वहीवर तिचा जीव होता.

मंडळाचं मुख्य काम म्हणजे सरकारी दवाखान्यातला बाकडा. पोर्तुगीज फिरंग्यांच्या वेळच्या त्या कौलारू इमारतीच्या ओसरीवर, खिडकीपाशी, एक लांब लाकडी बाकडा होता. गावांतून वारली बायाबापड्या यायच्या आणि पाटीवरची अक्षरं बघून तिथेच थबकायच्या. केसपेपर कुठे काढायचा, डॉक्टर काय विचारतात, गोळी कधी घ्यायची, सगळंच अवघड. मंडळाची एक बाई रोज सकाळी निळ्या फितीचा बिल्ला लावून त्या बाकड्यावर बसायची आणि येणाऱ्याला हाताला धरून खिडकीपर्यंत, तिथून डॉक्टरांपर्यंत न्यायची. जाताना वहीत तारीख, स्वतःचं नाव आणि किती जणांना मदत केली तो आकडा लिहायची. शनिवारी शाळा सुटली की शैलजा येऊन वही तपासायची.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग नोव्हेंबरात विजयाच्या नवऱ्याची बदली दमणला झाली. हुकूम असा तातडीचा की एका दिवसात त्यांनी सामान बांधलं. विजया गुरुवारची. गुरुवार उघडा पडला. मंगला म्हणाली माझा शुक्रवार आहे, वासंतीची सासू आजारी, आणि शैलजाची स्वतःची सकाळची शाळा. दर शनिवारी शैलजा वही उघडायची, गुरुवारचं कोरं घर बघायची, आणि उसासा टाकून तिथे लिहायची : 'कोणी नाही.' असं नऊ वेळा झालं.

त्याच दिवसांत तिला आणखी एक डोकेदुखी जडली होती. बाकड्यामागच्या खिडकीच्या गजाला कोणीतरी दोऱ्या बांधत होतं. अंबाडीच्या, वीतभर लांब, ओळीनं गाठी मारलेल्या. हा दवाखाना आहे, देऊळ नव्हे, असं तिचं म्हणणं. आजाऱ्यासाठी नवस बोलायचा तर गावात बोला, औषधाच्या दारात कशाला? ती पिशवीतली कातर काढायची, दोरी कापायची आणि कचऱ्याच्या डब्यात टाकायची. शेवटी तिनं सुवाच्य अक्षरात एक पाटीही लावली, मराठीत आणि खाली गुजरातीत : 'खिडकीस दोरे बांधू नयेत.' पुढच्या शनिवारी त्या पाटीच्या बरोबर खाली नवी दोरी होती.

जानेवारीत मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी आली. लशींच्या पेट्या ठेवायला ओसरीतली जागा हवी होती. बाकडा रोज उपयोगी पडत असेल तर ते पेट्यांची दुसरी सोय बघणार होते, पण आठवड्यातला एखादा दिवस तो रिकामाच राहत असेल तर एक तारखेपासून उचलणार होते. शनिवारी वही घेऊन यावं.

"त्यात काय," नलिनीताई म्हणाल्या. "नऊ ठिकाणी विजयाचं नाव लिहून टाक. कागदाला कुठे कळतंय?"

"मला कळतंय ना," शैलजा म्हणाली.

नलिनीताईंनी तोंड वाकडं केलं. शैलजा घरी आली ती चिडूनच. बाकडा गेला तर तीन वर्षांचं काम गेलं, आणि आपल्याच हातच्या 'कोणी नाही'नं गेलं. खोटं लिहायचं नाही आणि खरं लिहून फायदा नाही. मन रमवायला म्हणून ती मंडळाचा डबा घेऊन बसली. बारा बिल्ले मोजून ठेवावेत, बाकडा गेलाच तर परत द्यावे लागतील. मोजले तर अकरा भरले. पुन्हा मोजले. अकराच. विजयानं नेला असेल म्हणावं, तर जाण्याआधी तिनं पिशवी, वही आणि पेन्सिलीचा तुकडासुद्धा आठवणीनं पाठवला होता. मग बिल्ला कुठे गेला?

एक शंका आली की शैलजाला चार सुचत. गुरुवारी बाकड्यावर कोणी नसतं, मग गुरुवारची तक्रार एकदाही कशी नाही? मंगला परवा म्हणाली होती की शुक्रवारी आलं की बाकड्याखालचा माठ भरलेला असतो. तिला वाटलं कंपाउंडर भरतो. मधुकर कंपाउंडर! तो स्वतःचा चहासुद्धा दुसऱ्याकडून मागवायचा. शैलजा अनंतला म्हणाली, "मी गुरुवारी रजा टाकते." अनंतच्या हातातला घास हातातच राहिला. स्वतःच्या लग्नाचे दिवस सोडले तर तिनं कधी रजा घेतलेली त्याला आठवत नव्हती.

गुरुवारी आठच्या सुमाराला ती दवाखान्यात पोचली आणि ओसरीच्या खांबाआड उभी राहिली. बाकड्यावर एक म्हातारी बसली होती. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, गळ्यात मण्यांच्या माळा, आणि खांद्यावर निळ्या फितीचा बिल्ला. उलटा लावलेला, पण बिल्ला मंडळाचाच.

शैलजानं पदरानं घाम पुसला आणि बघत राहिली. एक पोर कडेवर घेतलेली बाई पायरीशीच घुटमळत होती. म्हातारी उठली, तिच्याशी वारलीत दोन शब्द बोलली, पोराच्या कपाळावर हात ठेवला आणि दोघांना खिडकीकडे घेऊन गेली. गाव, नाव, वय तिनंच सांगितलं. वयाला अडलं तेव्हा पोर कोणत्या भातकापणीला झालं ते विचारून तिनं हिशेब केला. डॉक्टरांकडून परत आल्यावर तिनं त्या बाईला अंगणात उभं केलं आणि आभाळाकडे बोट दाखवलं. सूर्य इथं असेल तेव्हा एक गोळी, तिथं गेला की दुसरी. मंडळाच्या बायका हेच 'दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर' असं शुद्ध मराठीत सांगायच्या आणि समोरची बाई नुसती मान हलवायची. शैलजा स्वतःही तसंच सांगायची. तिला मनातून लाज वाटली.

ती बाई गेली. म्हातारीनं कमरेची अंबाडीची दोरी काढली, एक गाठ मारली आणि दोरी परत खोचली.

शैलजाचा हात तोंडावर गेला. तरी तिनं सवयीनं पिशवीतून कागद काढला, गेलेल्या बाईचं नाव लिहिलं आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाचं नाव टिपायला लागली. मध्येच मधुकर बाटल्या घेऊन जाताना दिसला. तिनं त्याला बाजूला ओढलं. "ही कोण?"

"रतनीबाय, किलवणी गावची," मधुकर म्हणाला. "तुम्हीच ठेवली ने, बेन? बिल्लो छे ने तिच्याकडे. मला वाटलं मंडळाची नवी बाई."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुमचंच माणूस, तुम्हाला काय सांगायचं?"

अकराच्या पुढे गर्दी ओसरली. शैलजाच्या कागदावर चौदा नावं होती. ती जाऊन बाकड्याच्या टोकाशी बसली. रतनीबायनं तिच्याकडे बघून विचारलं, "काय झाला बाय? ताप आहे का?"

"नाही आजी. मी मंडळाची. तुम्हाला इथे कोणी बसवलं?"

"ती गोरी बाय नाय का, विजयाबाय." म्हातारी मोकळेपणानं सांगायला लागली. "सुनेला घेऊन आलती मी. ती बाय आमच्यासंग होती. तवा शिपाई आला, घरी बोलवलाय म्हनला. तिनं ह्यो बिल्ला मना लावला न् म्हनली, रतनीबाय, तू बस, मी येतेच. ती काय आली नाय. मंग मी दर गुरवारी चालत येतंय. तिचा वार गुरवार ना."

किलवणीहून पायी. नऊ आठवडे. 'येतेच' म्हणून गेलेल्या बाईची जागा धरून.

"आणि ही दोरी?" शैलजानं विचारलं. उत्तर तिला कळलं होतं, तरी तिला ते ऐकायचं होतं.

"मना लिवता येत नाय. तुमी बाया वहीत लिवता ना, तशी ही मानी सोताची वही. येक गाठ, येक मानूस. आला तवा घाबरलेला, जाताना नाय, त्याचीच गाठ. जाताना खिडकीला बांधतंय, ती बाय आली का दिसावी." तिनं रिकाम्या गजाकडे बोट दाखवलं. "पन बाय, कोन तरी कापून नेतंय. कशाला लागतंय त्याला काय माहीत."

शैलजाला त्या वेळी गप्प बसता आलं असतं. दोऱ्या डब्यात गेल्या होत्या, कातर तिच्या पिशवीत होती आणि म्हातारीला काही ठाऊक नव्हतं. पण ही बाई रिकामं घरसुद्धा खोटं भरत नसे. तिनं कातर काढून मध्ये ठेवली.

"मी कापल्या, आजी. मला नवसाच्या वाटल्या. आणि विजयाबाई आता यायची नाही. दमणला गेली ती, कायमची." एवढं बोलली आणि शाळेत पोरांना टरकावणारी ही मास्तरीण भर ओसरीत रडायला लागली. "वहीत मी काय लिहिलं माहीत आहे? कोणी नाही. नऊ वेळा लिहिलं, कोणी नाही."

रतनीबाय उठली, बाकड्याखालच्या माठातलं पाणी काढलं आणि पेला शैलजाच्या हातात दिला. शैलजाचं पिऊन होईपर्यंत ती तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

"मंग आता दोऱ्या कोनाला दावू?" तिनं थोड्या वेळानं विचारलं.

"मला," शैलजा म्हणाली. "दर शनिवारी येते मी."

घरी जाण्याआधी शैलजानं ती सुवाच्य पाटी काढली.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. बरोबर नलिनीताई होत्या आणि त्यांचा चेहरा दवाखान्यात येण्याआधीच पडलेला होता. डॉक्टरांनी वही उघडली. नऊ गुरुवारी 'कोणी नाही' खोडलेलं होतं आणि प्रत्येक ठिकाणी एकच नाव होतं : रतनीबाय, किलवणी. आकड्याच्या घरात आकडा नव्हता. तिथे नऊ वेळा लिहिलं होतं : 'नोंद ठेवली होती. मी समजून न घेता कापून टाकली. शैलजा चुरी.'

शैलजानं दोऱ्यांची हकीकत सांगितली. डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, उद्या कोणीही येऊन म्हणेल दोऱ्या होत्या. मी कशावर विश्वास ठेवू?"

शैलजानं परवाच्या गुरुवारची यादी पुढे केली. "ही चौदा नावं मी माझ्या डोळ्यांनी बघून लिहिली आहेत. दोरी अजून खिडकीला आहे. मी हात लावलेला नाही. तुम्हीच मोजा."

मधुकरनं दोरी सोडून आणली. डॉक्टरांनी ती टेबलावर सरळ केली आणि एकेका गाठीवर बोट ठेवत मोजली. मग पुन्हा मोजली.

"पंधरा," ते म्हणाले. "एक जास्त आहे."

नलिनीताईंनी डोळे मिटून घेतले. शैलजानं दोरी ओढून घेतली. तिची मोजणी चुकत नसे. चौदाच माणसं आली होती. तिनं एकदा मोजलं, मग उलट्या बाजूनं मोजलं. पंधरा. म्हातारीला मोजता येत नसेल का? की अंदाजानं मारते गाठी?

"साहेब, ती छेल्ली, शेवटची गाठ मारताना मी तिथेच होतो," दाराशी उभा असलेला मधुकर म्हणाला. "बेन घरी गेल्या, मग मारली. मी रतनीबायला विचारलं, आता कोण आलं होतं? तर म्हणाली, ती मास्तरीण बाय नाय का. रडत बसलेली, जाताना बरी होऊन गेली."

डॉक्टरांनी दोरीची नीट घडी करून वहीवर ठेवली. "पेट्या माझ्या खोलीत ठेवा," ते मधुकरला म्हणाले. "आणि त्या खिडकीशेजारी एक खिळा ठोका, दोऱ्यांसाठी."

शैलजानं वही जवळ ओढली. परवाच्या गुरुवारपुढे रतनीबायचं नाव लिहिलं. आकड्याच्या घराशी मात्र पेन थांबलं. यादीत नावं चौदा होती. तिनं यादी घेतली, शेवटच्या नावाखाली 'शैलजा चुरी, टोकरखाडा' असं लिहिलं, आणि मग वहीतलं घर भरलं : पंधरा.