माईक बंद करणारा योस्त

ब्रुसेल्सला युरोपियन संसदेच्या इमारतीत योस्त वाउटर्स एकवीस वर्षं काचेच्या खोलीत बसून लोकांची तोंडं बंद करत होता. कामच तसं होतं. खासदाराला प्रश्नासाठी एक मिनिट, उमेदवाराला उत्तरासाठी दोन. वेळ संपली की योस्त माईक बंद करणार. डावा असो वा उजवा, जर्मन असो वा माल्टाचा, तो कुणाचीही गय करत नसे. याचा त्याला अभिमान होता. त्या इमारतीत अभिमान बाळगण्यासारखं फारसं काही नसतं, तेव्हा असू दे. घरी आईला मात्र एवढंच ठाऊक होतं, की मुलगा आवाजाची यंत्रं बघतो.

युरोपियन कमिशनवरची, म्हणजे युरोपच्या मंत्रिमंडळातली माणसं देशोदेशीची सरकारं पाठवतात. संसदेला एवढंच करता येतं, की उमेदवाराला समोर बसवून तीन तास सोलायचं आणि पटला नाही तर परत धाडायचं. त्या नोव्हेंबरात आलेला उमेदवार शेजारच्या देशाचा माजी मंत्री होता. त्याच्या कारकिर्दीत एका बोगद्याची तपासणी पुढे ढकलली गेली, बोगदा कोसळला आणि एकोणीस कामगार गेले. त्यांत योस्तचा धाकटा भाऊ द्रीस होता. योस्तने त्या दिवशी रजा घ्यायला हवी होती. पण आपल्या जागी कुणीतरी ढिला माणूस बसेल, या काळजीनं तो कामावर आला.

आल्स्टला घरी आई सुनावणीचं थेट प्रक्षेपण बघायला सकाळपासून संगणकासमोर बसली होती. डेन्मार्कच्या खासदार कर्स्टन होल्म यांनी मृतांच्या घरच्यांना शब्द दिला होता, की आधी सगळी नावं वाचेन, मगच प्रश्न विचारेन. अपघातानंतरच्या दोन वर्षांत त्या मंत्र्यानं एकही नाव तोंडातून काढलं नव्हतं. द्रीसचं नाव त्याच्या समोर घेतलेलं ऐकायचं, एवढंच आईला आता हवं होतं.

होल्मबाईंनी नावं आडनावांच्या रोमन अक्षरक्रमानं लावली होती, त्यामुळे द्रीस वाउटर्स सगळ्यात शेवटी, एकोणिसावा होता. पोलिश, पोर्तुगीज, फ्लेमिश, प्रत्येक नाव त्यांनी जपून, थांबून उच्चारलं. तिथं इतकी वर्षं काढलेल्या बाईला कळायला हवं होतं, की इतका आदर एका मिनिटात बसत नाही. सतरावं नाव झालं, अठरावं झालं. बाईंनी श्वास घेतला आणि मिनिट संपलं.

आज नावं संपेपर्यंत माईक चालू ठेवायचा, असं योस्तने ठरवलं होतं. पण ते आठवेपर्यंत बोटानं बटण दाबलेलं होतं. काचेपलीकडे बाईंचे ओठ हलत राहिले. अध्यक्षांनी आभार मानले. प्रश्न विचारलाच गेला नव्हता, त्यामुळे उमेदवारानं मृतांबद्दल आदर व्यक्त केला आणि उरलेला वेळ रेल्वेमार्गांवर बोलला. संध्याकाळी समितीनं त्याला दोन तृतीयांश मतांनी पसंत केलं.

बाहेर पडताना आईचा फोन आला.

“द्रीसचं नाव यायचं होतं आणि आवाजच गेला. कुणी बंद केला रे?”

“यंत्र असतं आई. वेळ संपली की आपोआप होतं.”



“मग ठीक आहे,” ती म्हणाली. “मला वाटलं, कुणी माणसानं केलं.”