संत योहानाची अवेळी शेकोटी

क्यूबाच्या डॉक्टर इदाल्मिस गावात आल्या, तेव्हा मीच त्यांना बसथांब्यावरून दवाखान्याच्या गाडीतून आणलं. ब्राझीलच्या या कोरड्या मुलखात आमच्या देशाचा डॉक्टर टिकत नाही. येतो, उन्हाकडे बघतो आणि आठवड्याभरात त्याला शहरातली आजारी आई आठवते. या बाई टिकल्या. घरोघर फिरून म्हाताऱ्यांचा रक्तदाब बघायच्या, आणि कोणी कॉफी दिली की साखर कमी म्हणून भांडायच्या.

गावातली लिंदाल्वा बाळंतपणात अडली, तेव्हा त्यांनीच तिला सोडवलं, माझ्याच गाडीत, खड्ड्यांच्या रस्त्यावर. छोटी जासिंता रडली तसं लिंदाल्वाने ठरवून टाकलं, हिची धर्ममाता डॉक्टरच. बाई हसून हो म्हणाल्या, पण धर्ममातेला चर्चमध्ये बाळाच्या बाप्तिस्म्याला उभं राहावं लागतं, ते निघालं की विषय बदलायच्या. त्या देवाला मानत नव्हत्या. शिवाय पाद्री यायचा तो थेट जानेवारीत.

ऑक्टोबरात आमची निवडणूक झाली. निम्मं गाव फटाके उडवत होतं, निम्मं दारं लावून बसलं होतं. क्यूबा कोणाच्या डोक्यातही नव्हता. मग निवडून आलेल्या अध्यक्षांचं आणि क्यूबाचं बिनसलं, आणि तिथल्या सरकारने आपले सगळे डॉक्टर परत बोलावले. मतं आम्ही दिली आणि सामान त्यांनी बांधलं. मला याचा अजून राग येतो.

निघायच्या दिवशी त्यांना घेऊन लिंदाल्वाकडे निरोपाला गेलो, तर अंगणात भर उन्हात लाकडं पेटलेली. संत योहानाची शेकोटी आम्ही जूनमध्ये करतो. तिच्याभोवती हात धरून तीन फेऱ्या घातल्या की जोडलेलं नातं चर्चमधल्याइतकंच पक्कं. पण हा नोव्हेंबर होता. लिंदाल्वाच्या सासूला, किटेरिया आजींना, मी तसं म्हटलंही.

"संताला कळतं रे सगळं. तू ते लाकूड आत सरकव."

डॉक्टर फाटकातच थबकल्या. "आजी, मी देव मानत नाही. पाद्री मला नाकारेल."

"पाद्री नाकारेल. शेकोटी कुठे काय विचारतेय? चल, पोरीला घे."

तीन फेऱ्या झाल्या. बाई रडत होत्या आणि दोष धुराला देत होत्या. एकच गोष्ट राहिली. मुलाने आशीर्वाद मागायचा आणि धर्ममातेने देवाचं नाव घेऊन तो द्यायचा, असा आमचा रिवाज. जासिंताला तेव्हा बोलताच येत नव्हतं. मी गाडी सुरू केली. वाटभर बाईंच्या कपड्यांना धुराचा वास येत होता.

पुढे कितीतरी दिवस दवाखान्याला कुलूप होतं. जासिंता चांगली बोलायला लागल्यावर एकदा क्यूबाहून फोन आला. मी लिंदाल्वाच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत होतो. आजींनी नातीला हळूच ढोसलं.

"आशीर्वाद दे, धर्माई," पोर म्हणाली.

फोन तुटला असं वाटून मी हात पुढे केला.

मग बाईंचा आवाज आला, "देव तुझं भलं करो, बाळा."