भिंतीकडची बाजू

१३ सप्टेंबर, शनिवार. पिकअपच्या बाहेरच्या पट्ट्या बदलायच्या आहेत. दारांवरच्या काळ्या पट्ट्या, चाकांवरच्या प्लास्टिकच्या कमानी, पुढच्या बंपरचे दोन कोपरे. सोमवारी आरटीओत गाडीचं पासिंग आहे. गाडी सोळा वर्षांची झाली. हे काम आता मीच करणार आहे, कारण जो करायचा तो गेल्या थंडीत वारला.

तो करायचा, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही.

काम झालं की तो दोन बोटं जुळवून पट्टीवर टक-टक वाजवायचा, डॉक्टर छाती ठोकून बघतात तसं. मान तिरकी करून आवाज ऐकल्यासारखं करायचा आणि म्हणायचा, "बठ्ठं नवं शे, अक्का!" म्हणजे सगळं नवं आहे. आता तुम्हीच सांगा, वाजवून पट्टी घट्ट बसली की नाही हे कसं कळणार? पट्टी ओढून बघायची असते. ओढताना मी त्याला एकदाही बघितलं नाही.

तोंडावर मीही त्याला नाना म्हणायचे. वयाने मोठा होता, शिवाय अख्खी गल्ली म्हणायची. इथे लिहिताना मात्र 'तो' म्हणते. तेवढा हक्क माझा आहे.

मूळचा धुळ्याकडचा. जळगावात येऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण बोली सोडली नव्हती, कारण बोलीवरच त्याचा धंदा चालायचा. शहरात आलेल्या माणसाला गावाकडचं कोणी भेटलं की तो वस्तू बघायची सोडून माणूस बघतो. दुकान असं नव्हतं. पिशवीत पेचकस, पक्कड, पॉलिश पेपर, एक काळा डबा आणि स्वतःचं कौतुक घेऊन तो घरोघरी फिरायचा. रिक्षा, टेम्पो, जुन्या मोटारी. जिथे बाहेरचं काही सुटलं, झिजलं, लोंबलं, तिथे हा हजर.

आमचा केळी वेफर्सचा धंदा आहे. तळण मिस्टर बघतात, गाडी मी चालवते. पहाटे यावलकडून कच्ची केळी आणायची, आठवड्यातून दोनदा धुळ्याला माल पोचवायचा. तीन वर्षांपूर्वी गाडीच्या पट्ट्या इतक्या सुटल्या होत्या की वेगात गेलं की फडफडायच्या. कोणीतरी याचं नाव सांगितलं. आला. गाडीभोवती फिरला नाही, चहा मागितला. मग पहिला प्रश्न विचारला:

"गाडी कोठे लावतस, अक्का?"

"इथेच. घराला लागून."

"कोनती बाजू भिंतकडे?"

"उजवी. मी डाव्या दारानेच चढते. का?"

"असंच," तो म्हणाला.

मला वाटलं, काम करायला जागा हवी असेल. त्याचा प्रश्न हा पुढच्या सगळ्या कामाचा आराखडा होता, हे मला फार उशिरा कळलं.

डावी बाजू त्याने भर दुपारी रस्त्यावर केली. जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवत होता. पट्टी पाकिटातून काढताना पाकिटाचा आवाज मोठा होईल याची काळजी घेत होता. समोरचा किराणावाला त्याला म्हणाला, "नाना, नवरी सजवताय काय?" तर हा म्हणतो, "नवरी कशी? बठ्ठं सासर नवं करी ऱ्हायनू!" लोक हसले. मीही हसले, हे कबूल करते. विनोद त्याला येत होता. काम येत नव्हतं.

उजवी बाजू त्याने कधी केली ते कोणी बघितलं नाही. मी आत पाकिटं सील करत होते. बाहेर आले तर दोन्ही बाजू काळ्याभोर. टक-टक. "बठ्ठं नवं शे, अक्का! कंपनीपेक्षा भारी!"

पासिंगला मी स्वतः गाडी नेली. गाड्या रांगेत लावतात. तपासणारे साहेब कुठून येणार, हे त्यांची खुर्ची कुठे आहे त्यावर ठरतं. त्या दिवशी खुर्ची कडुनिंबाखाली होती आणि कडुनिंब उजवीकडे. साहेबांना भिंत नसते. ते सरळ उजव्या बाजूला आले, मागच्या चाकावरच्या कमानीवर सहज हात ठेवला, आणि कमान हातात आली.

त्यांनी आधी कमानीकडे बघितलं, मग आपल्या तळव्याकडे. तळवा काळा झाला होता. जुनीच कमान होती. जळक्या ऑइलने पुसून काळी केलेली आणि गोंदाने चिकटवलेली.

"मॅडम, हे काय आहे?"

मागे उभे असलेले दोन टेम्पोवाले फिसकन हसले. साहेबांनी मग बोटाने उजव्या दाराची पट्टी उचलली, तीही आली. खालचा पत्रा गंजून धारदार झाला होता. "उद्या ही हायवेवर उडाली आणि मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर बसली, तर? दुरुस्त करून आणा. तोवर माल भरायचा नाही."

नवरात्र अकरा दिवसांवर होतं. केळीचे वेफर्स उपासाला चालतात. आमच्यासारख्यांचं वर्ष या नऊ दिवसांवर उभं असतं. धुळ्याच्या पाच दुकानदारांनी माझ्यासाठी फळी रिकामी ठेवली होती. त्या फळीवर एकदा दुसऱ्याची पाकिटं बसली की ती उठत नाहीत. दुकानदार फोन करून "ताई, काय करता सांगा" म्हणतात, आणि तिसऱ्या फोननंतर करत नाहीत. त्या दिवशी दुसरा फोन येऊन गेला होता.

मी ती कमान पुढच्या सीटवर ठेवली आणि तशीच मेहरूणला त्याच्या घरी गेले.

घर बघून मला त्याही अवस्थेत हसू आलं. पुढची भिंत ऑइलपेंटने चकचकीत, ओट्याला फरशी, दारावर पाटी, पाटीवर नावापेक्षा मोठं 'स्पेशालिस्ट'. बाजूच्या बोळातून आत डोकावलं तर मागे नुसत्या विटा, गिलावा नाही, वर पत्रा, पत्र्यावर दगड. माणूस निदान प्रामाणिक होता म्हणायचा. स्वतःच्या घराचंही त्याने तेच केलं होतं.

मी हाक मारली. आतून त्याचा आवाज आला, अगदी स्पष्ट: "सांग, धुळाले गया."

मी म्हटलं, "नाना, धुळ्याहून आवाज फार चांगला येतो तुमचा."

मग मागच्या बोळातून त्याची बायको आली. बारीक, पन्नाशीची, पदर खोचलेला, हातात अडकित्ता. सुपारीचा. दुसऱ्या हातात ठिबकच्या नळीचा तुकडा, शेतात ड्रिपला वापरतात ती काळी नळी. तिने माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या हातातल्या कमानीकडे बघितलं. कमान घेतली, उलटी केली, मागच्या खुंट्यांवरून अंगठा फिरवला.

"क्लिपा नहीत," ती म्हणाली. "गोंद लाया."

"हो. गोंद. पासिंगला साहेबांच्या हातातच आली."

"परत कधी जानं शे पासिंगले?"

"परवा."

"सकाळी येस मी."

ती 'येस मी' म्हणाली, म्हणजे मी येते; ते येतील असं नाही. तेव्हा मला वाटलं, बोलायच्या ओघात म्हणाली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्कूटरवर आला, मागे ती, मांडीवर पिशवी. त्याने आल्याआल्या खुर्ची मागितली. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये हातभर जागा असते. मी म्हटलं, गाडी पुढे घेते. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, माले सवय शे," आणि त्या फटीत आडवी शिरली. दिवसभर तिथून फक्त अडकित्त्याचा आवाज येत होता. कट. थोड्या वेळाने कट. ठिबकच्या नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायची, तो तुकडा पत्र्याच्या भोकात बसवायची आणि पट्टीमागचा खुंट त्यात दाबायची. खुंट आत गेला की नळी फुगते आणि धरून ठेवते. ही कुठल्या कंपनीची अक्कल नव्हे. जळगावात नळीचे तुकडे कचऱ्यासारखे मिळतात आणि तिला पेटीतल्या क्लिपांना कधी पैसे मिळाले नसणार, त्यातून निघालेली युक्ती होती.

तो रस्त्यावर खुर्ची टाकून बसला होता. किराणावाल्याने विचारलं, "नाना, आज हात नाही लावत?"

"डोकं लाई ऱ्हायनू ना!" तो म्हणाला. "हात काय, कोनी बी लावस."

मी त्याला तिथल्या तिथे विचारलं, "नाना, उजवी बाजू जुनीच का चिकटवली?"

तो खरंच गोंधळला. लाजला असता तर मी सोडून दिलं असतं, पण तो लाजला नाही. मी काहीतरी वेडगळ विचारल्यासारखं त्याने माझ्याकडे बघितलं. "भिंतकडून कोन देखस, अक्का?"

बायको फटीतून बाहेर आली तेव्हा तिच्या पाठीवर भिंतीचा चुना होता आणि कोपर सोललं होतं. मला गाडी पुढे घ्यायला लावून तिने उजवीकडची प्रत्येक पट्टी दोन्ही हातांनी धरली आणि अंगाचा सगळा भार टाकून ओढली. एकही हलली नाही. मग तो उठला, पुढे झाला, आणि टक-टक. "बठ्ठं नवं शे, अक्का!"

गाडी पास झाली. पाचही फळ्या भरल्या. धुळ्याला जाताना कुठलीही पट्टी फडफडली नाही, आणि गल्लीत नानाचं नाव झालं. लोक मला विचारायचे, "नानाकडून करून घेतलं ना? मस्त हात आहे." मी सांगायचे, हात त्यांच्या बायकोचा आहे. लोकांना वाटायचं, मी घालूनपाडून बोलते. खरं सांगितलं की माझ्याबद्दल असंच वाटतं, सवय झाली आहे.

तो गेला तेव्हा भेटायला गेले होते. लोक म्हणत होते, कलाकार गेला. एकाने डोळे पुसले. त्याचा फोटो घरात नाही, बाहेर ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून लावलेला. त्यानेच आधी सांगून ठेवलं होतं म्हणे. मला त्यात काही आश्चर्य वाटलं नाही. त्याची बायको आत, मागच्या खोलीत, विटांच्या भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ बसले. तिच्या तर्जनीच्या आतल्या बाजूला अडकित्त्याचा घट्टा होता, एवढं बघितलं.

तर आजचं काम. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बाजारातून आणल्या होत्या, पेटीबंद क्लिपांसकट. डावीपासून सुरुवात केली. त्याने भर रस्त्यात, पाकिटं वाजवत केलेली डावी. पेचकस लावायचीही गरज पडली नाही. अर्ध्या पट्ट्या आपणहून लोंबत होत्या, क्लिपा उन्हाने बिस्किटासारख्या झाल्या होत्या, आणि मागच्या कमानीखाली चार बोटं लांब गंज. तिथे त्याने घासलंही नव्हतं. वर नवी पट्टी ठोकून मोकळा झाला होता. म्हणजे दिसणारी बाजूसुद्धा त्याने फक्त दिसण्यापुरतीच केली होती. इतकी वर्षं मी त्याला निदान अर्ध्या कामाचं श्रेय देत होते, तेही आज काढून घेतलं.

मग उजवीकडे आले. गाडी पुढे घेतली, पेचकस घातला, जोर लावला. पट्टी आली नाही. मोठा पेचकस घातला, तो वाकला. मिस्टर बाहेर येऊन म्हणाले, "राहू दे, मी बघतो." त्यांनीही ओढून बघितलं आणि परत तळणाकडे गेले. शेवटी मागची कमान कशीबशी सोडवली. आत नळीचे नऊ तुकडे, सगळे एकाच मापाचे, एकाच तिरक्या कापाचे. आणि पत्रा घासून त्याला गंज धरू नये म्हणून लाल रंग लावलेला. हातभर फटीत, जिथे मानही वळत नाही, तिथे. कोणाला दाखवायचं नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं.

मी ती कमान पुन्हा जागेवर दाबली. उजव्या बाजूच्या नव्या पट्ट्या पाकिटात परत ठेवल्या. डावीला पेटीतल्या क्लिपा लावून बघितल्या. तीन तुटल्या, चौथी बसली आणि ओढल्यावर आली. तेव्हा थांबले.

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी गाडी मेहरूणला नेली. त्याच्या ओट्यासमोरून पुढे गेले नाही, बोळात रिव्हर्स घेतली आणि मागच्या खोलीच्या दाराशी लावली. फोटोला काही दिसलं नसेल. ती बाहेर आली, पदराला हात पुसत, आणि आधी सवयीने उजव्या बाजूला गेली. दाराची पट्टी ओढून बघितली.

"ही ते घट्ट शे," ती म्हणाली.

"उजवी नाही वहिनी. डावी."

ती थांबली. "डावी यासनी लायेल व्हती." यासनी म्हणजे त्याने.

"म्हणून तर आले."

ती घरात गेली, अडकित्ता घेऊन आली. मी पुढच्या सीटवरून नळीचं भेंडोळं काढलं आणि डावीकडच्या कमानी धरायला उभी राहिले, कारण एका माणसाचं ते काम नाही. दुपारपर्यंत झालं. शेवटी तिने ठोकून बघितलं नाही. मला बाजूला सरायला सांगितलं, एक पाय चाकाला लावला, आणि दोन्ही हातांनी ओढलं.