केइकोने पकडलेलं हसू

रविवारी सकाळी मी पुण्याला आईशी फोनवर खिदळत होते, आणि शेजारची केइको माझ्याकडे टक लावून बघत बसली होती... नव्वदच्या दशकातली गोष्ट, सिंगापूरच्या तोआ पायोहमधल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधली.

नवरा मरीन इंजिनियर, बोटीवर. मला सातवा महिना. माहेरी जायची सगळी तयारी झाली, आणि डॉक्टरीणबाईंनी विमानप्रवासाला साफ नकार दिला! पहिलं बाळंतपण आणि जवळ आई नाही... मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे.

केइको जपानी भाषेचे क्लास घ्यायची. माझं मन रमावं म्हणून मला हसण्याचे शब्द शिकवायची. तोंडभर हसू म्हणजे निकोनिको, दबक्या आवाजात फिदीफिदी म्हणजे कुसुकुसु, सातमजली हसणं म्हणजे गेरागेरा... बाई स्वतः एवढी शांत, आणि हसण्याचे शब्द संपता संपेनात! मला भारी गंमत वाटायची.

तर त्या रविवारी मी आईला सांगत होते, "अगं, इथे सगळी सोय आहे, तू कशाला येतेस एवढ्या लांब!" आई उभ्या जन्मात विमानात बसली नव्हती, त्यात तिचे गुडघे दुखायचे. तिच्या जिवाला घोर नको म्हणून मी आपली हसत सुटले होते. तीही तिकडून हसत होती.

फोन ठेवला. केइकोला मराठीचं अक्षरही कळत नव्हतं. पण ती हळूच म्हणाली, "त्सुकुरी-वाराई." म्हणजे ओढूनताणून आणलेलं हसू...

झालं! मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून भोकाडच पसरलं. सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मग हे आईलाच सांग ना." इतकी साधी गोष्ट, पण माझ्या डोक्यातच आली नव्हती.

लगेच पुन्हा फोन लावला. "आई, मला भीती वाटते गं. तू ये ना."

आई पलीकडून म्हणाली, "पासपोर्ट कधीच काढून ठेवलाय मी. तू बोलावायची वाट बघत होते."

मी रडत होते आणि हसतही होते. केइकोकडे त्यालाही शब्द होता, नाकी-वाराई.

आई आली, महिनोन्‌महिने राहिली. आता ती नाही, आणि केइको कुठे असते तेही ठाऊक नाही... पण त्या वेळी झालेली लेक आज मेलबर्नला असते. ती फोनवर जरा जास्तच हसायला लागली, की मी थेट विचारते, "येऊ का गं?"